फ्लोरिडाच्या ट्रक अपघातावरून घरात भांडण पेटलंय, भाच्याला अमेरिकेला जाऊ द्यावं का?

शिरपूरकर मामा

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, आधी पूर्ण वाचा मग शिव्या द्या. माझ्या दोन गाड्या आहेत, 14 टायर, इंदूर-भिवंडी लाइनला चालतात. एका गाडीवर सख्खा भाचा आहे, वय 26, हात एकदम साफ, दारू नाही, गुटखा आहे तेवढा. आता त्याच्या डोक्यात अमेरिका घुसलीये. मेहसाण्याकडचा एक एजंट भेटला त्याला कुठेतरी ढाब्यावर, 55 लाखात पोचवतो म्हणतो, 15 आधी द्यायचे बाकी तिकडे पोचल्यावर. कसा पोचवतो ते विचारलं तर म्हणे मामा तुम्ही फक्त पैशाचं बघा. म्हणजे डंकीच, चोरून बॉर्डर ओलांडायची, दुसरं काय. आणि बहिणीच्या वाट्याचं दोन एकर केळीचं वावर विकायचं चाललंय त्यासाठी.

आता अपघाताचं. तुम्ही पण व्हिडिओ बघितलाच असेल, 12 ऑगस्ट 2025, फ्लोरिडात फोर्ट पियर्सजवळ. ट्रेलरवाल्याने हायवेच्या मधल्या कटमधून यू टर्न मारला, जिथे फक्त सरकारी गाड्यांना परवानगी अशी पाटी होती. ट्रेलर आडवा, सगळ्या लेन बंद, मागून मिनीव्हॅन आली ती सरळ खाली घुसली, तीन माणसं जागेवर नाहीतर थोड्या वेळात गेली. ड्रायव्हर आपला पंजाबचा पोरगा, 2018 ला मेक्सिकोकडून बॉर्डर ओलांडून गेलेला. मग तिकडे जे सुरू झालं ते अपघातावर कमी आणि बेकायदेशीर येणाऱ्यांवर जास्त. ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात ऑन्टारिओला परत तसंच, परत तीन मेले, परत तसाच पोरगा आणि तो तर नशेत होता म्हणतात.

मी घरी बोललो का बघ, हे असे लोक जातात आणि दुसऱ्याची घरं बुडवतात, तू पण त्यातलाच होणार. भाचा म्हणतो मामा, यू टर्न मारला तो ड्रायव्हरने मारला, व्हिसाने नाही मारला, तुमच्या गाडीने पण गेल्या वर्षी नरडाण्याजवळ राँग साइड घेतली होती तेव्हा तुम्ही माझा आधार कार्ड बघितला होता का. आता याला काय उत्तर देणार. बहीण रडते, मेव्हणे गप्प. तुम्ही सांगा, चूक कोणाची आणि मी काय करू?

घाटातला ड्रायव्हर

मामा राम राम. 22 वर्ष झाली स्टेअरिंगवर, बिजासन घाट झोपेत पण उतरेन असं म्हणायचो पूर्वी, आता नाही म्हणत. भाचा बरोबर बोलतो अर्ध. त्या व्हिडिओत मी एकच गोष्ट बघितली, तो किती आरामात वळतोय. तिकडचा ट्रेलर 53 फुटी असतो, तो आडवा पडल्यावर सरळ व्हायला जेवढा टाइम लागतो तेवढ्यात मागचा माणूस काय करणार, त्याला तर समोर भिंतच उभी दिसली. असा वळायचा कीडा आपल्याकडेच लागतो. आपल्याकडे प्रत्येक ढाब्यासमोर डिव्हायडर फोडलेला असतो ना, तिथे वळून वळून हाताला सवय पडते का पुढे दोन किलोमीटर कोण जाणार. ही सवय पासपोर्टवर लिहिलेली नसते पण सोबत जाते.

आणि अर्ध चूक पण बोलतो. अपघात झाल्यावर त्या पोराची टेस्ट घेतली तर 12 प्रश्नांपैकी 2 ची उत्तरं बरोबर आणि 4 पाट्यांपैकी एकच ओळखली असं त्यांच्या परिवहन खात्याने सांगितलं. आता मी तामिळनाडूत माल घेऊन जातो, मला अक्षर एक पण कळत नाही, पण बाण कळतो, लाल गोल कळतो. 4 पैकी 1 म्हणजे गाडी चालवायचीच नाही भाऊ.

बाकी आपली पण सांगतो. 4 जुलै 2023, पळासनेर. कंटेनरचे ब्रेक गेले आणि हॉटेलात घुसला, दहाच्या वर माणसं गेली. मामा तुमच्या घरापासून किती लांब आहे ते तुम्हाला माहीत. महिनाभर मी तिथून जाताना हॉर्न पण नव्हतो वाजवत. कोणी विचारलं का ड्रायव्हर कुठला, कुठून आला? ब्रेक का गेले ते पण चार दिवसच विचारलं.

टेक्सासचा चोपडेकर

हे वाचून राहावलं नाही म्हणून लिहितोय. मी 11 वर्ष इथे आहे, कायद्याने आलो, टॅक्स भरतो आणि ग्रीन कार्डच्या रांगेत अजून उभाच आहे कारण एका देशाला 7 टक्क्यांच्या वर द्यायचं नाही असा नियम आहे आणि भारतीयांची रांग रावेरच्या केळीच्या गाड्यांसारखी. त्यामुळे माझी सहानुभूती जरा कमी आहे, आधीच सांगतो.

तुम्ही सगळे म्हणताय व्हिसाने यू टर्न नाही मारला. ठीक. पण त्या सीटवर तो बसला कसा? वॉशिंग्टन राज्याने 2023 मध्ये त्याला पूर्ण मुदतीचं कमर्शियल लायसन्स दिलं जे त्याला मिळायलाच नको होतं. मग 2024 मध्ये कॅलिफोर्नियाने दुसरं दिलं, परदेशी लोकांना देतात त्या प्रकारचं. अपघाताच्या महिनाभर आधी न्यू मेक्सिकोत पोलिसांनी स्पीडसाठी थांबवलं, चलान दिलं आणि सोडलं, इंग्रजी तपासायचा नियम जूनपासून कडक केला होता तरी तपासलं नाही. म्हणजे तीन ठिकाणी तो अडायला पाहिजे होता, तिन्ही ठिकाणी सुटला. म्हणून लोक चिडलेत, उगाच नाही. ज्यांचे तीन गेले त्यांनी कायद्याचा प्रश्न विचारायचा नाही का?

आणि याचा फटका कोणाला बसतो माहितीये? 21 ऑगस्टला इथल्या परराष्ट्रमंत्र्याने, रुबिओने, ट्रक ड्रायव्हरचे वर्क व्हिसा थांबवले, म्हणजे जो सरळ मार्गाने येणार होता तो पण गेला. ऑफिसात जेवणाच्या टेबलावर एक जण मला विचारतो, तुझ्या गावाकडचा का? मी म्हटलं अरे पंजाब आणि चोपडा यात हजार किलोमीटरपेक्षा जास्त अंतर आहे. त्याला काय फरक पडतो.

मामा, भाच्याला पाठवू नका. एवढंच.

धुळे एक नंबर

हे घुसखोर सगळीकडे सारखेच, तिकडे पण आणि इकडे पण. आपल्याकडे बांगलादेशी येतात ते काय वेगळे. ट्रम्प करतोय ते बरोबर करतोय, विमानात बसवा आणि पाठवा परत. बेड्या घालून.

शिरपूरकर मामा

@धुळे एक नंबर, भाऊ बेड्या घातल्याच होत्या. 5 फेब्रुवारी 2025 ला अमृतसरला लष्करी विमान उतरलं त्यात 104 जण होते, हातापायात बेड्या, 33 हरियाणाचे, 33 गुजरातचे, 30 पंजाबचे आणि 3 आपल्या महाराष्ट्राचे. मी तो आकडा भाच्याला दाखवला तर म्हणतो फक्त 3, म्हणजे आपल्याकडचे पकडले जात नाहीत. आता बोला. आणि बांगलादेशचा विषय वेगळा धागा काढा, इथे नको, नाहीतर माझा प्रश्न राहील बाजूला.

आरटीओच्या दारातला

मी 9 वर्ष एका आरटीओ बाहेर टेबल टाकून फॉर्म भरायचो, कुठल्या ते विचारू नका, आता ते काम सोडलं, आता झेरॉक्स आहे. त्यामुळे लायसन्स या विषयावर थोडं बोलायचा हक्क आहे असं समजा.

चोपडेकर भाऊ म्हणतात वॉशिंग्टनने कसं दिलं. अहो ते वाचून मला घरच्यासारखं वाटलं. आमच्याकडे हेवीची टेस्ट म्हणजे काय होतं, रिकामी गाडी, मैदानात एक चक्कर, तीही ज्याची गाडी त्याचाच क्लिनर बाजूला बसून सांगतो दाब आता. लोड भरलेली गाडी उतारावर कशी धरायची हे कोणी विचारत नाही. 2019 मध्ये आठवी पासची अट काढली, ठीक आहे, गरिबाच्या पोराला रोजगार मिळाला, मी विरोधात नाही. पण शाळेऐवजी ट्रेनिंग मोठं करू म्हणाले होते ते मी तरी बघितलं नाही.

अमेरिकेत पण गंमत आहे. तिथे फेब्रुवारी 2022 पासून नवीन ड्रायव्हरला नोंदणी असलेल्या संस्थेत ट्रेनिंग सक्तीचं केलंय, पण गाडीवर किमान इतके तास बसायचंच असं काही नाही, संस्थेने म्हटलं तयार आहे का झाला तयार. म्हणजे तिथला टेबलवाला जरा चांगल्या कपड्यात बसतो एवढंच. सप्टेंबरमध्ये त्यांनी नियम आणला का ठराविक तीनच व्हिसावाल्यांना असं लायसन्स मिळेल, आणि असे लायसन्सवाले परदेशी लोक तिकडे अंदाजे 2 लाख आहेत, म्हणजे बहुतेक सगळे बाहेर. मग नोव्हेंबरमध्ये कोर्टाने त्याला स्थगिती दिली. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियाने 17,000 लायसन्स रद्द करायची नोटीस काढली कारण लायसन्सची मुदत माणसाच्या राहायच्या मुदतीपेक्षा जास्त लिहिलेली होती. वाचून हसू आलं आणि वाईट पण वाटलं, कारण ही चूक टेबलावरच्या माणसाची, पोट मात्र 17,000 ड्रायव्हरचं. त्यात किती जणांनी आजपर्यंत एक खरचटा पण काढला नसेल.

आणि मामा, ऑन्टारिओवाला नशेत होता हे सुरुवातीला पोलिसांना वाटलं होतं. नंतर रक्ताचा रिपोर्ट आला त्यात काही निघालं नाही, मग तो आरोप काढून बेफिकीर गाडी चालवून जीव घेतल्याचा लावला. तुमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिली बातमी आली असेल, दुसरी नाही आली. नेहमीचंच.

तळोद्याची मास्तरीण

मी सहसा लिहीत नाही, वाचते फक्त. पण तारखा बघून राहवेना. ऑन्टारिओचा अपघात 21 ऑक्टोबरचा ना? त्याच्या तीन दिवस आधी, 18 ऑक्टोबर, धनत्रयोदशी, आमच्या चांदसैली घाटात अस्तंब्याची यात्रा करून येणारी पिकअप पलटी होऊन दरीच्या बाजूला गेली. आठ जण गेले. मागे मेंढरं भरावी तशी पोरं उभी होती. यात्रेला दोन दोन दिवस चालून, डोंगर चढून, झोप नाही आणि मग त्या वळणांवरून परत. दिवाळीची सुट्टी संपल्यावर वर्गात पोरं त्याच विषयावर बोलत होती, कोण कुठे उभा होता, कोण सुटला.

मला काय म्हणायचंय ते नीट मांडता येतं का बघते. तिकडे तीन माणसं मेली तर मंत्री बोलले, गव्हर्नर भांडले, फ्लोरिडाचे उपराज्यपाल स्वतः कॅलिफोर्नियाला जाऊन त्या ड्रायव्हरला विमानातून घेऊन आले, नियम बदलले, कोर्ट झालं. दुसऱ्या बाजूने शिक्षा कमी करा म्हणून लाखो लोकांनी ऑनलाइन सह्या केल्या. चुकीचं असेल बरोबर असेल, पण मेलेल्यांची दखल कोणीतरी घेतली. आमच्या आठ जणांच्या नावावर वाद तरी झाला का? दोन दिवस बातमी, मदत जाहीर, संपलं. पिकअप परत त्याच घाटात तेवढीच भरून चालतेय, मी परवाच बघितली.

15 फेब्रुवारी 2021 ला किनगावला पपईचा ट्रक उलटला होता आठवतं का कोणाला? 15 मजूर, बहुतेक रावेर तालुक्यातले, पपईच्या ढिगावर बसलेले आणि पपईखालीच गेले. बाया होत्या, लेकरं होती. ते पण पोटासाठी घर सोडून निघालेलेच लोक होते. आमच्या धडगाव अक्कलकुव्याची माणसं दर दिवाळीनंतर गुजरातला ऊस तोडायला जातात, वर्गातली निम्मी पोरं सोबत जातात, मी हजेरीत गैरहजर लिहिते आणि मार्चमध्ये परत नाव शोधते. त्यांना कोणी घुसखोर म्हणत नाही कारण मधे फक्त नवापूरचं नाकं आहे. सुरतेत उधना लिंबायतला निम्मं खानदेश राहतं, सी. आर. पाटील मूळचे मुक्ताईनगरकडचे आणि खासदार नवसारीचे, कौतुकच आहे. पण तिथे पण भांडण झालं का पहिला शब्द तुम्ही बाहेरचे असाच निघतो, माझ्या भावाला निघालाय.

मामा तुमच्या भाच्याला मी चूक म्हणत नाही. तुम्ही त्याला अपघाताचं कारण सांगून थांबवू नका, ते त्याला पटणार नाही. वावराचं सांगा.

टेक्सासचा चोपडेकर

मॅडम तुमचं वाचलं. मी चोपड्याचा आहे, किनगाव माझ्या आत्याच्या वाटेवर आहे, आठवतं मला. तरी एक गोष्ट बोलतोच, आपल्याकडे कोणी विचारत नाही म्हणून तिकडच्यांनी पण विचारू नये हे पटत नाही. आकडे बघा, 2022 मध्ये आपल्याकडे रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, अमेरिकेत त्याच वर्षी साडेबेचाळीस हजार, आणि त्यांच्याकडे गाड्या चालतात किती ते बघा. ते विचारतात म्हणून तेवढ्यावर आहे.

पण हे मान्य करतो का अपघात झाला का पहिले नाव बघतात मग बातमी ठरवतात. मागच्या महिन्यात आमच्या इथे एका गोऱ्या ट्रकवाल्याने फ्लायओव्हरखाली तीन गाड्या चेपल्या, संध्याकाळच्या बातम्यात ट्रॅफिक जॅम एवढंच होतं. आणि आरटीओवाले भाऊ, 17,000 मध्ये किती चांगले ड्रायव्हर असतील हे तुमचं खरं आहे. मी चिडून लिहिलं होतं सकाळी. रांगेत उभं राहून राहून माणूस पुढच्यावर चिडतो, खिडकीवर नाही चिडत.

धुळे एक नंबर

सगळे एकदम साधू झाले इथे. कायदा मोडला तर मोडला, त्यात पपई आणि ऊस कुठून आला.

घाटातला ड्रायव्हर

@धुळे एक नंबर, जानेवारी 2024 ला आम्ही गाड्या उभ्या केल्या होत्या, पळून गेला तर 10 वर्ष शिक्षा त्या कलमावरून, आठवतं का, पंपावर तुम्ही सगळे बाटल्या घेऊन उभे होते. तेव्हा तुमच्यासारखेच म्हणत होते ड्रायव्हर लोक सगळे मारेकरी. आता मी तुम्हाला सांगतो का पळतो आम्ही. थांबलो तर जमाव मारतो. दोनदा मार खाल्लाय, एकदा तर चूक समोरच्याची होती. तो कलम अजून लागू केला नाही त्यांनी, आणि जमावाचं पण कोणी काही केलं नाही. तिकडे जमाव रस्त्यावर मारत नाही, मोबाइलवर मारतो. एका पगडीवाल्याने चूक केली तर सगळ्या पगडीवाल्यांना ढाब्यावर, म्हणजे त्यांचा जो ट्रक स्टॉप असतो तिथे, ऐकून घ्यावं लागतंय आता. त्यातले किती तर तिथेच जन्मलेले.

बोदवडना नाना

मामा, मी अहिरानीमाच बोलस. वावर इकीसन अमेरिकाले कसाले जानं भो? पोऱ्या गया ते गया, वावर बी गयं, मंग बहीन कोठे जाई? 15 लाख लिसन एजंट फोन बंद करी दि तं कोनले धरशान? तो काय पोलिसमा जावा ना से का, जावाले गया तं पहिले तूच आत.

आणि मराठीत सांगतो बाकीच्यांसाठी. बाहेर जायचंच असेल तर सरकारचं ई-मायग्रेट पोर्टल आहे, त्यावर नोंदणी असलेलाच एजंट बघायचा. त्याला 30,000 आणि वर जीएसटी यापेक्षा जास्त सर्व्हिस चार्ज घेता येत नाही, नियम आहे. आखाती देशात हेवी ड्रायव्हर लागतात, माझा पुतण्या तिथे आहे, पगार अमेरिकेचा नाही पण दर महिन्याला येतो आणि दोन वर्षांनी घरी येऊन जातो. 55 लाख आणि 30 हजार यात जो फरक आहे तोच बेकायदेशीर या शब्दाचा भाव आहे बघा. आणि 2022 ला जानेवारीत ते गुजरातचं कुटुंब कॅनडाच्या बॉर्डरवर बर्फात गोठलं, नवरा बायको आणि दोन लेकरं, डिंगुचा गावचे, अमेरिका तिथून चालत जाण्याइतकी जवळ होती. ते पण त्याच बाजूचे, गांधीनगर जिल्ह्यातले. भाच्याला ते दाखवा, अपघात नका दाखवू.

शिरपूरकर मामा

सगळ्यांचे आभार, धुळेवाल्याचे पण. रात्री भाच्याला हा धागा वाचून दाखवला, जेवताना, म्हणजे तो जेवत होता मी वाचत होतो. घाटातल्या भाऊंचं 4 पैकी 1 पाटीवालं ऐकून हसला, म्हणे मला चारही येतात मामा, विचारा. मी विचारल्या. मोबाइलवर अमेरिकेच्या पाट्या काढून 10 विचारल्या, 9 आल्या त्याला हरामखोराला. कुठून शिकला तर म्हणे रात्री घाटात जाम लागला का यूट्यूबवर बघतो.

मग मी अपघाताचं काही बोललो नाही, मास्तरीण बाईंनी सांगितलं तसं. गोठलेल्या कुटुंबाचं सांगितलं तेव्हा ताट बाजूला सारलं त्याने. बहीण म्हणाली लेकरं केवढी होती, मी सांगितलं एक 11 वर्षांची आणि एक 3 वर्षांचा. ती उठून आत गेली.

आखातीचं बोललो तर म्हणतो तिथे जाऊन पण गाडीच चालवायची ना, मग तुमची काय वाईट आहे. म्हटलं तेच तर म्हणतोय. तर म्हणे तुमची वाईट नाही मामा, तुमच्याकडे राहून मी कायम भाचाच राहणार. यावर मला काही सुचलं नाही आणि तुम्हाला पण सुचणार नाही, सुचलं तर सांगा.

सातबाऱ्यावर अजून आजोबांच्या वारसात माझं पण नाव आहे, वाटणी कागदावर झालेलीच नाही, त्यामुळे माझ्या सहीशिवाय वावर विकलं जाणार नाही. मी सही देणार नाही असं सांगून टाकलं. एजंटला पण फोन लावला, नंबर लागतो पण उचलत नाही. भाचा सकाळी न बोलताच गाडी घेऊन इंदूरला निघाला. संध्याकाळी सेंधव्याच्या पुढे गेलो म्हणून फोन आला, दरवेळी मला येतो, आज बहिणीला आला.